मीठ पूर्ण बंद

"मीठ म्हणजे काय गं? नुसती सवय!" विद्याधरपंत फोनवर गरजले. "पंधरा दिवसांत सोडून दाखवतो. तू ये आणि मोज!"

पलीकडे नोएडाहून त्यांची मुलगी आभा बोलत होती. तिचं मराठी झाशीत वाढलेल्या मुलीचं होतं, म्हणजे सुरुवात मराठीत आणि राग आला की हिंदीत.

"बाबा, मी सीरियस आहे हं. वरचा बीपी एकशेसाठ निघालाय तुमचा. पंधरा दिवसांनी, रविवारी, मी मशीन घेऊन येणार. कम नहीं हुआ ना, तो सीधे सामान पॅक. घराला कुलूप आणि तुम्ही नोएडा!"

"ठरलं!" पंत म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते जागच्या जागी खुर्चीत बसले.

नोएडाला मुलीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. जावई भला होता, कोणी वाईट वागत नव्हतं. पण तिथे पंत बाल्कनीत बसत, खालच्या गाड्या बघत आणि जेवायला बोलावलं की आत जात. प्रेमनगरचं हे घर लहानसं, ओल आलेलं आणि मार्चपासून निम्मं रिकामं. मार्चमध्ये त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई गेल्या. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, पण निदान भिंतींना तरी ते कळत होतं. हे घर सुटलं की आपलं काहीच उरणार नाही, अशी पंतांना भीती वाटत होती.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. बाई गेल्यापासून जेवण चविष्ट लागत होतं!

गेली काही वर्षं शकुंतलाबाईंच्या आमटीला चव म्हणून नसायची. पंत रोज म्हणत, "अळणी आहे." त्या रोज म्हणत, "तुमची जीभ म्हातारी झालीय." मीठ त्या दुसऱ्या कोणाला घालू देत नसत. माधुरी चौदा वर्षं या घरात स्वयंपाकाला येत होती. चिरणं, वाटणं, फोडणी सगळं तिच्याकडे, पण मीठ बाईंच्या हातचं. बाई गेल्या, डबा माधुरीच्या ताब्यात आला, आणि तेरावं झाल्यावर घरच्या पहिल्या जेवणात पंत मनातल्या मनात म्हणाले, 'वा!' मग त्यांना इतकी लाज वाटली की घास घशाखाली उतरेना. उतरल्यावर मात्र त्यांनी आणखी आमटी मागितली.

तर आता मीठ सोडायचं होतं. पंतांनी सिविल लाइंसमधल्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ बडे बाबू म्हणून. तोंडी सांगितलेलं काम होत नाही आणि लेखी दिलेलं टळत नाही, ही त्यांची श्रद्धा. शिवाय स्वयंपाकघरात चिठ्ठ्यांची वहिवाटच होती. शकुंतलाबाई माधुरीसाठी मराठीतच लिहून ठेवत: 'आज भेंडी', 'ताक करणे', 'आमटी पातळ'. माधुरी इथलीच, बुंदेली बोलणारी, आठवीपर्यंत शिकलेली. हिंदी-मराठीची अक्षरं तीच, आणि भाजी-आमटी-फोडणी एवढं मराठी चौदा वर्षांत अंगवळणी पडलेलं.

पंतांनी दतिया गेटच्या बाजारातून पिशवीभर लिंबं, आमचूर आणि जिरं आणलं. मग फ्रिजवर आदेश चिकटवला:

'आजपासून मीठ पूर्ण बंद. त्याऐवजी लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं भरपूर.'

खाली सही केली, तारीख घातली आणि ते किल्ल्याकडे फिरायला गेले.

दुपारी पहिला घास घेतला आणि ते थक्कच झाले! आमटी आंबट, जिऱ्याचा खमंग वास आणि वर काय ती चव! मिठाची आठवणसुद्धा येईना!

"माधुरी! चिट्ठी पढ़ी थी?"

"हओ साब, पढ़ लई."

"फिर? बंद?"

"बिल्कुल बंद! एक दाना नईं डारो. डिब्बा ही ऊपर फळी पे चढ़ा दओ." फळी हा शब्दही तिला बाईंनीच शिकवलेला.

"मग ही एवढी चव कशाची?"

"जो आपने लिखो, वोई डारो. भरपूर!"

पंत खूश झाले. चहा तेवढा अगदी फिका लागला. पण जीभ सुरुवातीला बंड करील, असं डॉक्टरांनी बजावलं होतंच. मीठ सुटलं की गोडाचीही चव जात असणार, असा निष्कर्ष पंतांनी काढला आणि तो कडू चहा औषधासारखा गिळला.

आठ दिवसांत ते गुरू झाले. गणेश मंदिराच्या ओसरीवर दर गुरुवारी आठ-दहा मराठी माणसं जमतात. तिथे पंत डबा घेऊन गेले.

"चाखा! मिठाचा कण नाही यात!"

त्यांचे कचेरीतले मित्र सुभाषचंद्र यांनाही रक्तदाबाचा त्रास होता. त्यांनी वांग्याची फोड तोंडात टाकली आणि डोळे विस्फारले. त्यांच्या बायकोने, रेवतीबाईंनी, चाखून लगेच पाण्याची बाटली उघडली.

"भावजी, हे खारट लागतंय हो."

"वहिनी, ती लिंबाची किमया!"

"लिंबू आंबट असतं, भावजी."

"सामान्य जिभेला! सवयीची गुलाम असते ती. जरा तपश्चर्या करा!"

रेवतीबाईंनी बाटली तोंडाला लावली. बायको गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? पण घरी जाऊन त्यांनी पंतांची कृती तंतोतंत पाळली. दुसऱ्या दिवशी सुभाषचंद्रांचा रडवेला फोन आला.

"विद्याधर, अरे, घास फिरतो नुसता तोंडात! तुझ्यासारखी चव नाही येत!"

"श्रद्धा कमी पडते तुझी!" पंत म्हणाले आणि पाचवा तांब्या पाणी प्यायले.

हल्ली त्यांना फार तहान लागत होती. शरीर शुद्ध होत असेल! पायातल्या चपला घट्ट व्हायला लागल्या. थंडीने चामडं आकसलं असेल! डोकं सकाळपासून जड असायचं. त्यालाही त्यांनी काहीतरी कारण शोधून ठेवलं. माधुरीला मात्र त्यांच्या फिक्या चहाची दया यायची. "बिचारे साब" असं पुटपुटत ती दुपारी ताकाचा मोठा पेला आणून ठेवायची. त्यात पुदिना, जिरं आणि आणखी काहीतरी असायचं. काय झकास लागायचं ते!

संध्याकाळी दिवा लावताना पंत कधीकधी बाईंच्या रिकाम्या पाटाकडे बघत. 'बघ,' ते मनात म्हणत, 'तुझ्या हातात मीठ असून चव नव्हती. आता मीठ नाही आणि चव आहे.' आणि मग त्यांना फार वाईट वाटायचं. भांडायला समोर कोणी नसलं की जिंकण्यातही काही राम नसतो.

रविवारी आभा आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने बाबांच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं.

एकशेशहाऐंशी.

"परत लाव," पंत म्हणाले. "मी जिन्यावरून आलोय."

"बाबा, अपने घर में ज़ीना ही नहीं है!"

दुसऱ्यांदा एकशेचौऱ्याऐंशी, तिसऱ्यांदा पुन्हा एकशेशहाऐंशी.

"मशीन बिघडलंय! थांब, सुभाषला बोलावतो. माझीच कृती खातो तो. त्याचाही असाच निघाला तर मशीन खोटं!"

सुभाषचंद्र आले. इतक्या थोड्या दिवसांत ते सुकून खारकेसारखे झाले होते. त्यांनी निमूटपणे दंड पुढे केला. एकशेअठ्ठावीस!

"गुरुजी!" सुभाषचंद्र उद्गारले. ते पंतांच्या पाया पडायला वाकले.

"उठ रे, उठ!" पंत पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आभाने तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टर इतके ओरडले की ते सगळ्यांना ऐकू गेलं. गोळी वाढवली, उद्या सकाळी दवाखान्यात बोलावलं.

फोन ठेवून आभा आत गेली आणि कपाटावरची जुनी सूटकेस काढून तिने पलंगावर ठेवली. पंत दारात उभे राहून बघत राहिले. आपला टॉवेल, आपले सदरे, एकेक आत जात होते. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण कशाच्या जोरावर ओरडणार? पैज त्यांनीच लावली होती.

"पहले खाना खा लो," माधुरी म्हणाली. तिने ताटं वाढली. आभाने आमटीचा एक घोट घेतला आणि ती उडालीच!

"बाबा! ही आमटी आहे की समुद्र? माधुरी, नमक कितना डाला?"

"जित्तो रोज डारत हैं. बल्कि तनक ज्यादा. साब ने खटाई इत्ती लिखी, तो नोन भी बढ़ानो परो."

"नमक?" पंत किंचाळले. "अगं, मी बंद लिहिलं होतं! पूर्ण बंद!"

"सो बंद है ना साब! शक्कर को डिब्बा देख लो, फळी पे धरो है! एक दाना डारो होय तो कहियो!"

आभा उठली, फ्रिजवरची चिठ्ठी काढून घेऊन आली. माधुरीने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मीठ. हमने सोची, साब से आ की मात्रा छूट गई. मीठा होगा. बाई के जाबे के बाद साब से भौत कछू छूट जात है."

"पण चौदा वर्षांत मीठ शब्द माहीत नाही तुला?"

"बाई ने कभऊँ लिखोई नईं, साब. वो तो बाई खुद डारती थीं."

खरंच होतं. भेंडी लिहिली, ताक लिहिलं, आमटी लिहिली, पण मीठ हा शब्द बाईंनी कधी चिठ्ठीवर येऊच दिला नव्हता. सुभाषचंद्रांनी हळूच चप्पल घातली आणि गुरुजींचा निरोप न घेताच ते घरी गेले.

"आभा," पंतांनी कचेरीतला शेवटचा उपाय काढला, "आदेशाची अंमलबजावणीच झाली नाही! मग मी नापास कसा?"

आभा हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली. अर्ध्या तासाने तिने नवी आमटी आणून पंतांच्या पुढ्यात ठेवली. चिंचेचा जरा जास्त कोळ, भाजलेल्या दाण्यांचं कूट, वरून जिऱ्याची पूड आणि लिंबाची फोड.

पंतांनी भुरका मारला. तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे," ते म्हणाले.

आणि थांबले. हे वाक्य, याच पाटावर बसून, याच आवाजात, ते किती वेळा बोलले होते! त्यांनी दुसरा भुरका घेतला. तीच चव होती. थेट तीच. समोर वाढणारी नव्हती, पण आमटी तिची होती.

"हे तू... हे तुला कसं..."

"आईने शिकवलं," आभा म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी तुमचा रिपोर्ट आणायला तीच गेली होती ना? तेव्हाच वरचा जास्त होता, बाबा. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. आई म्हणाली, यांना सांगितलं तर हे गाजावाजा करतील, चार दिवस सोडतील आणि मग चोरून पापड खातील. त्यापेक्षा मीच चिमूटभर घालते. बाकी चिंच, लिंबू, जिरं. मला शपथ घातली होती. आणि मला वाटलं, माधुरीला माहीत असेल. ग़लती मेरी भी है."

ज्या गोष्टीची पंतांनी पंधरा दिवसांची पैज लावली होती, ती त्यांनी सहा वर्षं करून दाखवली होती. रोज कुरकुर करत! आणि बाई गेल्यावर पहिल्या घासाला 'वा' म्हणाले होते ते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, तसेच जेवत राहिले. थोडं आमटीतही पडलं असेल. तेवढं मीठ चालत असावं.

त्यांनी वाटी पुढे केली. "आणखी वाढ."

सूटकेस त्या दिवशी पुन्हा कपाटावर गेली. दवाखाना झाला, गोळ्या ठरल्या, आणि आभाने महिनाभराची मुदत दिली. जाताना ती माधुरीला सगळं नीट दाखवायला निघाली, तर पंतांनी तिला अडवलं.

"तोंडी नको. मी लेखी देतो."

या वेळी त्यांनी फार विचार केला. मीठ हा शब्दच नको! दोन कागद फाडले, तिसऱ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'आजपासून आमटी पूर्वीप्रमाणे करावी.' सही केली, तारीख घातली, फ्रिजवर चिकटवलं आणि ते स्टेशनवर आभाला पोचवायला गेले.

परत आले तर माधुरी चिठ्ठी हातात घेऊन दारात उभी. चेहरा पडलेला.

"साब, इत्ती सी ग़लती पे आप नई बाई रख रहे हो?"

"नई बाई? कौन नई बाई?"

"लिखो तो है इसमें! जे पूर्वी कौन है?"

पंत चिठ्ठीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी चष्मा काढला.

"नई नहीं है, माधुरी," ते म्हणाले. "पुरानी वाली है. उसके हाथ की चाहिए. चिमूटभर."

माधुरीला कळलं. ती आत गेली आणि तिने मिठाचा डबा वर फळीवर चढवला. साखरेचा खाली आणायला मात्र विसरली. चहा त्या संध्याकाळीही फिकाच आला. पंत तो निमूटपणे प्यायले. तक्रार केली नाही. लेखी तर मुळीच नाही.