डुकराच्या पसंतीची रायफल

कासारखिंड गावात रानडुक्कर मारायचं ठरलं, की रायफल त्या डुकराच्या पसंतीनं घ्यावी लागते. नियम जुना आहे. गोळी त्याला लागणार, तेव्हा त्याचं मत घेतलेलं बरं, असं एकदा ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, आणि बाहेर चहा आलेला असल्यानं ठराव एकमतानं पास झाला. पसंतीचा अर्ज तीन प्रतींत असतो आणि खाली उजव्या कोपऱ्यात खूर उमटवायला चौकट ठेवलेली असते.

यंदा मोहित्यांच्या मळ्यातला भुईमूग तीनदा उकरणाऱ्या डुकराचा नंबर लागला. कागदोपत्री ते रानडुक्कर क्रमांक दोन. वय सहा वर्षं, अंगानं भरलेलं, बोलायला समजूतदार. मारायचं काम आलं सुभेदार हिंदुराव चाळक्यांकडं, कारण गावात परवाना तेवढा त्यांच्याच नावावर.

आता सुभेदारांचं सांगायचं तर माणूस रुबाबदार, मिशी झुपकेदार, पाठ अजून ताठ. पण डावा डोळा आधीच मंदावलेला, उजव्यात दोन वर्षांपासून मोतीबिंदू वाढत होता, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कळू दिली नव्हती. कळली की परवाना जाणार. परवाना गेला की पंधरा ऑगस्टची पुढची खुर्ची जाणार, पारावर लोक सरकून जागा देतात ते बंद होणार, आणि मग उरणार कोण, तर पेन्शनीवरचा एक म्हातारा. या विचारानं त्यांची झोप उडायची.

दोघं सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावी निघाले. कंडक्टरनं डुकराला वय विचारून अर्धं तिकीट फाडलं. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. पहिलीच भेट, त्यात काम असलं, बोलणार तरी काय.

बशीर शिकलगारांचं बंदुकांचं दुकान आजोबांच्या वेळचं. त्यांनी दोघांना बसायला दिलं, चहा मागवला, डुकराचा बशीत ओतला.

“साधी बारा बोअरची दाखवा,” सुभेदार घाईघाईनं म्हणाले. “छर्ऱ्याची. तीस-चाळीस पावलांवरून मारायची, बास.” तीस पावलांवर निदान काळं काहीतरी दिसेल, अशी त्यांची आशा होती.

डुकरानं बशीतून तोंड वर काढलं. “माफ करा सुभेदारसाहेब, छर्रे नकोत. आमच्या मेहुण्यांना मागल्या साली छर्रे लागले. चार महिने लंगडले बिचारे आणि मग गेले. काम एका गोळीत व्हायला पाहिजे. लांबून मारणारी दाखवा. बोल्ट-अ‍ॅक्शन.”

“मॅग्नम चालेल?” शिकलगारांनी विचारलं.

“मॅग्नम म्हणजे कसं?”

“काडतूस मोठं, दारू जास्त. गोळी लांब गेली तरी जोर धरून राहते, लवकर खाली बसत नाही. चारशे मीटरवर काम चोख.”

“मग तीच,” डुक्कर म्हणालं. “पाचशेचा मला हट्ट नाही.”

शिकलगारांनी तीन रायफली काउंटरवर मांडल्या. डुकरानं गडबड केली नाही. पहिलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, दोन-चारदा मागंपुढं करायला लावला, कान लावून ऐकलं, आणि खरखरतोय म्हणून ती बाजूला ठेवायला सांगितली. दुसरी हलकी होती. सुभेदारांना ती आवडली, कारण टेकाड त्यांनाच चढायचं होतं. पण हलक्या रायफलीचा धक्का जास्त बसतो हे कळल्यावर डुकरानं मान हलवली. “ह्यांचा खांदा दुखणार. खांदा दुखला की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. नको.” तिसरी चांगली जड होती, नळी लांब, दस्त्याला मागून रबराची गादी. डुकरानं तिचा वास घेतला, वाकून नळीच्या तोंडात एकदा बघितलं आणि थोडा वेळ तसंच उभं राहिलं.

“हीच,” ते म्हणालं.

चारशे मीटरवर डुक्कर तर सोडाच, सुभेदारांना डोंगर कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं तेही कळत नव्हतं.

“तीनशे मीटरच्या पुढची रायफल म्हटली की नजरेचा दाखला लागतो,” शिकलगार रजिस्टर उघडत म्हणाले. “फार काही नाही. दुकानासमोरच्या मैदानापलीकडं भिंत आहे बघा. तिच्यावर आकडा काढलाय, तो वाचा.”

सुभेदारांनी छाती पुढं काढली, डोळा बारीक केला आणि फौजेतल्या ठाम आवाजात सांगितलं, “आठ.”

“ती म्हैस आहे,” शिकलगार म्हणाले. “भिंत तिच्या डावीकडं.”

डुकरांना लांबचं दिसत नाही असं लोक म्हणतात, पण ह्याचं तसं नव्हतं. “चौऱ्याण्णव,” ते हळूच म्हणालं. “आणि खाली बारीक अक्षरात, येथे लघवी करू नये.”

शिकलगार नियमांचं पुस्तक काढायला आत गेले. सुभेदार बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. डुक्कर शेजारी आलं.

“मोतीबिंदू?”

“दोन वर्षं झाली.”

“मग काढून का नाही घेतला?”

“भीती वाटते,” सुभेदार म्हणाले. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं. “बर्फात चौक्या राखल्या, तेव्हा काही वाटलं नाही. पण जाग्या माणसाच्या डोळ्यात सुई घालतात म्हणे. आता परवाना जाणार. गावात तोंड कसं दाखवू?”

“मलाही भीती वाटते,” डुक्कर म्हणालं. “ठराव झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. शेंगसुद्धा गोड लागत नाही.”

दोघं बराच वेळ म्हशीकडं बघत बसले. म्हणजे सुभेदार आपले तिच्या दिशेनं बघत होते.

शिकलगार पुस्तकात बोट घालून बाहेर आले. “सोय आहे. बार काढणाऱ्याची नजर अधू असली तर सोबत नजरदार नेमता येतो. त्यानं शेजारी पालथं पडून दुर्बिणीतून बघायचं आणि सांगायचं, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. तो जागेवरून हलला तर बार काढायचा नाही. आणि डोळा बरा झाला की नजरदाराची नेमणूक रद्द. बोला, कुणाचं नाव घालू?”

सुभेदारांना नाव सुचेना. ज्याचं नाव घ्यावं त्याला डोळ्याचं सांगावं लागणार होतं.

“माझं घाला,” डुक्कर म्हणालं. “मला कळलंच आहे आता.”

शिकलगारांनी नियम पुन्हा वाचला. नजरदाराची नजर चांगली असावी, एवढंच तिथं लिहिलेलं होतं. त्यांनी नाव घातलं, कारणाला रकाना नव्हता म्हणून डोळ्याचं काही लिहिलं नाही, खूर उमटवून घेतला आणि रायफल बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वनरक्षक सातपुते वही घेऊन खिंडीवरच्या टेकाडावर हजर झाले. सुभेदार घोंगडीवर पालथे पडले आणि त्यांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. शेजारी डुक्कर दुर्बीण लावून पडलं. समोर चारशे मीटरवर मोहित्यांचा मळा होता.

“काय दिसतं?” सुभेदारांनी विचारलं.

“भुईमूग. यंदा शेंग बरी धरेल.”

“आणि डुक्कर?”

डुकरानं दुर्बीण सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. कामात ते प्रामाणिक होतं. बांध बघितला, विहिरीमागं बघितलं, आंब्याखाली बघितलं. “नाही.”

“नीट बघा.”

“दोनदा बघितलं साहेब. मळ्यात डुक्कर नाही.”

सातपुत्यांनी वहीत लिहिलं, रानडुक्कर क्रमांक दोन, गैरहजर. मग पेन थांबवून त्यांनी घोंगडीकडं बघितलं. “आणि हे कोण?”

“नजरदार,” सुभेदार म्हणाले.

सातपुत्यांनी खालचा रकाना शोधला आणि लिहिलं, नजरदार, हजर.

मग रोज असंच चाललं. अंधार पडेपर्यंत डोळे ताणल्यावर डुक्कर घरी जाऊन आडवं व्हायचं, मळ्याकडं फिरकायचं त्राण त्याच्यात उरायचं नाही. मोहित्यांची एक शेंग गेली नाही. सुभेदारांचा धाकच तसा, असं सरपंचबाई सभेत म्हणाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळकेकाकू डब्यात दोन भाकरी जास्त बांधू लागल्या. नजरदार बिचारा ह्यांच्यासाठी उन्हात पडतो, त्याला नको का काही, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीआधी भुईमूग निघाला, मागून हरभरा पेरला, तरी टेकाडावरची नोंद चालूच राहिली, कारण ठरावात पिकाचं नाव नव्हतं.

माघात शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. साठीच्या वरच्या सगळ्यांनी तपासून घ्यायचंच, असं सरपंचबाईंनी बजावल्यामुळं सुभेदारांचा इलाज चालला नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, “आजोबा, पूर्ण पिकलाय. इतके दिवस काय करत होता?”

“सुई घालतात ना?”

“सुई कसली? थेंब टाकून डोळा बधिर करते, पंधरा मिनिटांचं काम. आठ दिवसांत समोरच्या डोंगरावरची शेरडं मोजाल.”

सुभेदारांना एकदम हलकं वाटलं. दोन वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होय, असं वाटून त्यांना स्वतःचं हसू आलं. त्यांनी संमतीच्या कागदावर सही करायला पेन घेतलं. खिडकीतून शाळेच्या फाटकाजवळ काळं काहीतरी बसलेलं दिसलं. चेहरा दिसत नव्हता, पण कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं.

“समोरचं सगळं दिसेल?” त्यांनी विचारलं. “अगदी चारशे मीटरवरचं?”

“सगळं.”

सुभेदारांनी पेन टेबलावर ठेवलं. “राहू द्या बाई. अजून पिकला नाही.”

“अहो, मी बघितलाय ना.”

“माझा डोळा मला माहीत आहे,” सुभेदार म्हणाले आणि उठले.

फाटकाजवळ डुक्कर सकाळपासून बसून होतं. “काय म्हणाल्या?”

“पिकला नाही म्हणाल्या.”

डुकरानं मान वर करून सुभेदारांच्या उजव्या डोळ्यात बघितलं. बांधापलीकडच्या हरभऱ्याचा घाटा न् घाटा मोजणारी नजर ती. बुबुळ खोबऱ्यासारखं पांढरं झालं होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणालं. “नाही पिकलेला.”

साडेतीन वाजून गेले होते. सुभेदार घरातून रायफल घेऊन आले, डुकरानं दुर्बीण गळ्यात अडकवली आणि दोघं टेकाडाकडं चालू लागले.