शास्त्रज्ञाचा ओटा आणि ताईची विहीर

"औषधाचा एक थेंबसुद्धा विहिरीकडे जाणार नाही. थेंबाची हिंमतच होणार नाही!" शास्त्रज्ञाने ताईला ठणकावून सांगितलं.

शास्त्रज्ञ हे त्याचं टोपणनाव. एकदा त्याने शेजाऱ्याचा पंखा दुरुस्त केला, तेव्हापासून ते चिकटलं. पंखा त्यानंतर उलटा फिरायला लागला, ही गोष्ट वेगळी! आता फवारणीचं औषध कालवायला त्याने विहिरीला लागून सिमेंटचा ओटा बांधला होता. चारी बाजूंनी कड, मधोमध उतार, सांडलेलं औषध साठायला बंदिस्त खड्डा. काम खरंच झकास होतं. पण विहीर सामाईक. पलीकडे राहणारी त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच विहिरीचं पाणी प्यायची, गुरांना पाजायची. आपण हो म्हणेपर्यंत ओट्यावर औषधाचं झाकणही उघडायचं नाही, असा तिचा हुकूम होता. आणि फवारणी तर तोंडावर आलेली!

"मग प्रात्यक्षिकच दाखवतो," शास्त्रज्ञ म्हणाला. "औषधाऐवजी केकचा रंग घालू. कुठे सांडलं तर लगेच दिसेल."

"अहो, चार थेंब पुरेत!" बायको ओरडली. ती केक करून विकायची. तोवर त्याने तिच्या गुलाबी रंगाच्या सगळ्या बाटल्या फवारणीच्या टाकीत उपड्या केल्या होत्या.

"शास्त्रात कंजुषी चालत नाही!"

ताई आली, आसपासचे शेतकरी जमले. शास्त्रज्ञाने विहिरीवरची मोटर लावली, पाइप टाकीच्या तळापर्यंत खुपसला आणि टाकी गुलाबी पाण्याने काठोकाठ भरली. मग एक बादली मुद्दाम ओट्यावर ओतली. पाणी निमूटपणे खड्ड्यात गेलं. लोकांनी माना डोलावल्या. ताईसुद्धा हसली! शास्त्रज्ञाने मोटर बंद केली, टाकीकडे पाठ केली आणि भाषणाला उभा राहिला. पाइप टाकीतच बुडालेला राहिला.

"मंडळी, सुरक्षितता म्हणजे काय?"

"अरे, टाकी..." ताई म्हणाली.

"प्रश्न शेवटी, ताई!"

"अरे, पण टाकीतलं पाणी उतरतंय!"

"उतरणारच! उतार मीच दिलाय!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्या खांद्यावरून मागे खिळल्या होत्या. लोक भारावले, असं समजून त्याने आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात ताईच्या घराकडून आरोळी आली आणि पाठोपाठ दाजी आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान; ते अंघोळीला बसले होते. त्यांच्या घरची मोटर वेगळी, पण पाणी याच विहिरीचं! कमरेला पंचा, डोक्यावर फेस, आणि दाजी नखशिखांत गुलाबी.

"अरे, जितकं धुतोय तितका रंगतोय!"

सगळे विहिरीकडे धावले. उन्हाने तळाला गेलेलं पाणी वाढदिवसाच्या केकसारखं गुलाबी झालं होतं. ताईने टाकीतून पाइप ओढून काढला. टाकी जवळजवळ रिकामी!

"पाइप बुडालेला असला, तर मोटर थांबली की पाणी आल्या वाटेनं परत विहिरीत जातं, शास्त्रज्ञा," ती म्हणाली.

शास्त्रज्ञ रिकाम्या टाकीत डोकावला. रंगाच्या जागी खरं औषध असतं तर? ताईची गुरं, हे दाजी, स्वतःच्या घरातला माठ... भाषण तर कुठल्या कुठे गेलं.

"ओटा पाडू का?" त्याने हळूच विचारलं.

"इथला पाड आणि लांब, पलीकडच्या बांधाशी नवा बांध. पाइपचं तोंड टाकीच्या वर टांगलेलं हवं. पाण्यात बुडालेलं दिसलं तर गाठ माझ्याशी आहे! आणि विहीर उपसायला घे. आजच."

"आजच?"

"मग काय तर! दाजी अजून अर्धेच धुतलेत!"

शेतकरी मात्र बेहद्द खूश झाले होते. पाइप बुडवूनच टाकी भरायची सवय त्यांनाही होती. एक म्हातारे गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, "आमच्याकडेही हे करून दाखवा. अगदी असंच, काही सुधारू नका!"

झालं! शास्त्रज्ञाला मळ्यामळ्यातून बोलावणी येऊ लागली. आता विहिरीऐवजी पाण्याचं पिंप असतं, रंग बायको स्वतः मोजून देते आणि ओळख करून द्यायला ताई जातीने हजर राहते.

"हा माझा धाकटा भाऊ," ती सांगते. "हा काय काय करतो ते नीट डोळे उघडून बघा, आणि घरी गेल्यावर त्यातलं काहीही करू नका!"

टाळ्या तिथेच पडतात. भाषणापर्यंत कुणी थांबत नाही.