घागकाकांची उष्णता

घागकाका माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या सहाजणांच्या खोलीत मी पहिल्यांदा बॅग घेऊन शिरलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी फर्मावलं, "मोजे काढ. पाय बघू."

मी मुकाट्याने काढले. नोकरी नवी, साहेब खडूस, तीन आठवडे धड झोप नाही. काकांनी माझा पाय मांडीवर घेतला, तुपाचं बोट लावलं आणि तळव्यावर काशाची वाटी फिरवायला लागले. थोड्या वेळात तूप काळंकुट्ट झालं. "ही बघ तुझी उष्णता. निघाली. खलास." त्या संध्याकाळी मी न जेवताच झोपलो.

काका चिपळूणकडचे. एकोणीस वर्षं इथे इमारतींच्या परांच्या बांधत होते. दिवसभर तिथे उभा राहिलेला माणूस घरी येऊन आडवा होईल, हे वाटी घेऊन बसत. केरळचा बशीर टॅक्सी चालवायचा, तो "घाग भाई, मेरा नंबर" म्हणत आधीच पाय धुऊन तयार. काकांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच निदान. साहेब ओरडला, उष्णता. बायको फोनवर रुसली, उष्णता. बशीरला सिग्नल तोडल्याचा दंड झाला, तीही उष्णताच. वाटीचा धातू घासून तूप काळं होतं, असं मी एकदा मोबाइलवर वाचून दाखवलं. "मोबाइलला पाय आहेत का?" एवढंच म्हणून त्यांनी माझा दुसरा पाय ओढला.

स्वतःच्या पायांना मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. गावी रोज संध्याकाळी बायकोचे पाय चोळून द्यायचे, त्यावरून भावकीत थट्टा व्हायची, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. "ती तिथे, मी इथे. हात रिकामे राहिले की जीव थाऱ्यावर राहत नाही रे." मुलीच्या नर्सिंगचं एकच वर्ष उरलं होतं. तेवढं काढलं की कायमचं घरी, असं ठरलेलं होतं.

इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की थंड पाण्याच्या नळाचाही चटका बसतो. आम्ही सकाळीच बादल्या भरून ठेवायचो. काका कामावरून आले की सरळ पाय नळाखाली धरून उभे. दोन वर्षांपासून आपल्या पायांत उष्णताच उरलेली नाही, गरम लागतच नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. आम्ही कौतुक करायचो. बशीर तर तसलीच वाटी गावी न्यायला निघाला होता. मूर्ख होतो आम्ही.

ऑगस्टात एका सुट्टीच्या दिवशी काका अंघोळ करून आले. फरशीवर ओली पावलं उमटली, त्यांतली डाव्या पायाची लालसर. मी खाली वाकून पाहिलं. तळव्यावर हे मोठे फोड, एक फुटलेला. काका निवांत डोकं पुसत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

पायाला कधीपासून कळत नाही, असं क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही काकांनी दोन वर्षं हे अभिमानानेच सांगितलं. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, शुगर खूप वाढलेली आहे, तिने पायाच्या नसा गेल्यात, आता परांचीवर चढायचं नाही. परतीच्या बसमध्ये काका एकच वाक्य बोलले, "म्हणजे उष्णता निघाली नव्हती." मला त्यांच्याकडे बघवेना.

कंपनीकडे खाली जमिनीवरचं काम नव्हतं. मुलीचं वर्ष अजून उरलेलंच होतं, आणि तिकीट हातात आलं.

पायाची जखम भरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, आज तुमचे पाय. ते नको नको म्हणत राहिले, तू कामावरून दमून आलायस, म्हणाले. मी ऐकलं नाही. शेवटी ते आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

वाटी मी बाजूलाच ठेवली. हातावर तेल घेऊन, जखमेची जागा सोडून, हलक्या हाताने टाच चोळली, मग एकेक बोट. पाचेक मिनिटं झाली असतील.

"कर की रे सुरू," काका डोळे न उघडता म्हणाले. "लाजतोस काय?"

"हो काका, करतो," मी म्हणालो, आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.