चिंचोळीत अडलेली राणी

सांता आनाच्या सणाच्या दिवशी सकाळी एर्लिंडाला एप्रन वाळत घालायचा होता आणि चिमटे सापडत नव्हते. डब्यात नव्हते, खिडकीत नव्हते, दोरीवर तर नव्हतेच. शेवटी ती ओला एप्रन खांद्यावर टाकून अंगणात आली. तिचा नवरा एलॉय गाडीचं बॉनेट उघडून कमरेपर्यंत आत गेला होता, आणि तिचे सगळे लाकडी चिमटे पेट्रोलच्या नळीवर ओळीनं बसले होते, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे.

"हे काय आहे?"

"लाकूड उष्णता ओढून घेतं," एलॉय आतूनच म्हणाला. "चढावर नळी तापते, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. चिमटे लावले की नाही पडत."

"कोण म्हणतं?"

"बाबा लावायचे."

"आणि त्यांची गाडी बंद पडत नव्हती?"

एलॉयनं एक वाकडा चिमटा सरळ केला. त्याच्या वडिलांनी ही गाडी लष्कराच्या लिलावातून आणली होती. ते गेले, पण गाडी राहिली. डोंगरात, नदीत, चिखलात कुठेही जाणारी, फक्त केव्हा जाईल ते तिच्या मर्जीवर. गावात तिला राणी म्हणत. एलॉयला वाटायचं, लोक कौतुकानं म्हणतात. खरं म्हणजे तिच्यासाठी सगळ्यांना ताटकळत थांबावं लागायचं, म्हणून म्हणत.

एरवी एर्लिंडानं चिमट्यांवरून एवढं लावून धरलं नसतं. पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता. दरवर्षी या सणाला गाव वर कुरणातल्या चॅपलपाशी जमायचं. आधी मिस्साची प्रार्थना, मग जेवण. जेवणाला पोसोले, म्हणजे फुललेल्या मक्याचा आणि डुकराच्या मांसाचा लाल मिरचीतला रस्सा. एक पातेलं एलॉयच्या थोरल्या बहिणीचं, ओडिलाचं. दुसरं एर्लिंडाचं. ओडिला चॅपल झाडायला आदल्या दिवशीच वर जायची आणि मिस्सा संपायच्या सुमारास तिचं पातेलं चुलीवर रटरटत असायचं. एर्लिंडाचं पातेलं राणीतून यायचं. म्हणजे लोक तृप्त होऊन झाडाखाली आडवे झाले की यायचं. मग ओडिला गोड आवाजात म्हणायची, "ठेव तिकडे, लागलं तर घेऊ." लागायचं नाही. पातेलं भरलेलं वर जायचं आणि भरलेलंच खाली यायचं, आणि पुढचा आठवडाभर नवराबायको दोन्ही वेळा पोसोले खायचे.

या वर्षी एर्लिंडानं मनाशी ठरवलं होतं. पातेलं रिकामं झालं तर ठीक. नाही झालं, तर पुढच्या सणापासून आपण नुसती पावाची टोपली न्यायची.

"मी वेन्सेसच्या गाडीतून जाते," ती म्हणाली. "पातेलं घेऊन."

एलॉय बॉनेटमधून बाहेर आला. त्याचा चेहरा असा झाला की जणू तिनं वेन्सेसशी लग्नच करायचं ठरवलं होतं.

"माझ्या चुलतभावाच्या गाडीतून? राणी असताना?"

एर्लिंडानं हात टेकले. चिमटे नळीवर राहिले, एप्रन कुंपणावर गेला, आणि पातेलं पंच्यात गुंडाळून राणीच्या मागच्या बाकावर बसवलं. वाट्या, पळी, मिरपूड, कांदा, लिंबाच्या सरबताची बरणी, सगळं बरोबर. तेवढ्यात वाट बघून बघून तिया रुमाल्दा आल्या. म्हातारी गावात सगळ्यांचीच मावशी. त्यांना गुडघ्यांमुळे चढ चढवत नसे आणि राणीबद्दल त्यांचा काही आक्षेप नसे, कारण राणी थांबली की त्यांची झोप होई. त्या पुढच्या सीटवर बसल्या. एर्लिंडा मागे, पातेल्याला मिठी मारून.

यंदा सगळ्यांच्या आधी निघाले होते. राणीनं पहिल्या झटक्यात सुरू होऊन एर्लिंडाला चकितच केलं. ओढा पार झाला, पाइनची झाडं आली. एलॉय शीळ घालू लागला.

चिंचोळीत राणी थांबली.

चिंचोळी म्हणजे वरच्या वाटेवरची अशी जागा की एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्ये एका गाडीपुरता रस्ता. राणी आधी खोकली, मग थरथरली, मग गप्प झाली. हँडब्रेक नावापुरता होता, म्हणून एलॉयनं उडी मारून चाकामागे धोंडा लावला.

"चिमटे?" एर्लिंडानं विचारलं.

"चिमटे आहेत जागेवर." एलॉयनं नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "वाफच आहे. काही करायचं नाही. बॉनेट उघडं ठेवायचं, सावलीत बसायचं. नळी थंड झाली की आपोआप चालू होईल."

हे अगदी खरं होतं. राणीच्या बाबतीत एलॉय इतकं खरं क्वचितच बोलला असेल. पण त्याला सावलीत बसू कोण देतो? खालून वेन्सेसची पिकअप आली आणि राणीच्या मागे येऊन थांबली. वेन्सेस खाली उतरला, पँट वर ओढली आणि वाकून बघितलं.

"कॉइल गेलीय," तो म्हणाला.

"वाफ आहे रे."

"वाफ? एलॉय, वाफ किटलीत असते. कॉइल गेलीय. डिस्ट्रीब्युटर उघड."

एलॉय भिडस्त माणूस. गाडी आपली, पण रस्ता सगळ्यांचा, आणि तो आपण अडवलेला. त्यानं मूग गिळून डिस्ट्रीब्युटर उघडलं. कॉइल धडधाकट होती. उघडताना मात्र एक बारीक स्क्रू पडला आणि दरीच्या दिशेनं निघून गेला. वेन्सेस म्हणाला, "तो काही महत्त्वाचा नव्हता."

एव्हाना पिकअपच्या मागे आणखी गाड्या लागल्या होत्या. प्रत्येक गाडीतून पुरुष उतरत होते, पँट वर ओढत होते आणि वाकून बघत होते. कुणाला कार्ब्युरेटरमध्ये कचरा दिसला. कुणाला प्लग काळे दिसले. एकानं सेल्फ मारायला सांगितला, इतक्यांदा की बॅटरीनं शेवटी नुसतं "टक" म्हटलं. आणि एकानं, "रेडिएटर बघा आधी!" म्हणत कुणी नको म्हणायच्या आत झाकण फिरवलं.

गरम पाण्याचा फवारा सरळ आकाशात गेला. सगळे पुरुष एकदम कड्याला चिकटले. खाली आला तेव्हा रेडिएटर कोरडा होता आणि खालच्या बाजूनं थेंब थेंब गळतही होता.

"हे नव्हतं गळत," एलॉय हळूच म्हणाला.

"मग आता कळलं ना," झाकण उघडणारा म्हणाला. "मिरपूड टाका. गळती बुजते. कुणाकडे मिरपूड आहे?"

सगळ्यांनी एर्लिंडाकडे पाहिलं.

मिरपूड गेली. मग पाणी हवं म्हणून सरबताची बरणी गेली. बॅटरी मागच्या बाकाखाली होती, म्हणून पातेलं सरकवून तिला वेन्सेसच्या पिकअपमधून तार जोडली आणि ती चार्ज केली. मग एलॉयची नजर पातेल्यावर थोडी जास्त वेळ रेंगाळली.

"रस्सा तसा पातळच..."

"हात लावून बघ," एर्लिंडा म्हणाली.

त्यानं नजर फिरवली. ती पातेल्याला पाठ लावून, हाताची घडी घालून बसली. वर ओडिलाचं पातेलं आता उकळायला लागलं असेल. यंदा आपण एवढ्या लवकर निघालो आणि आता सगळ्यात शेवटी पोचू. नाही, शेवटीसुद्धा नाही, सगळ्यांच्या बरोबरच. कारण आपल्यामुळे अख्खं गावच खोळंबलंय. तिला रडावं की हसावं कळेना.

तेवढ्यात तिया रुमाल्दांना जाग आली.

"पोचलो?"

"नाही, तिया. चिंचोळीत आहोत."

"मग जेवायचं कधी? मी सकाळीच सुई घेतलीय गं. साखर उतरली की माझे हात कापायला लागतात." त्यांनी हात पुढे करून दाखवला. खरंच कापत होता.

आता यावर काय करणार? एर्लिंडानं गाठ सोडली, झाकण उघडलं आणि एक वाटी भरून तियांना दिली. भाजलेल्या लाल मिरचीचा, लसणाचा, रात्रभर शिजलेल्या मक्याचा वास चिंचोळीत पसरला. कडा असल्यामुळे तो कुठे जाईना, आहे तिथेच घुटमळला. बॉनेटभोवतीचं बोलणं हळूहळू बंद झालं. एकेक डोकं वर आलं.

"तियांना दिलंस ते काय आहे?" वेन्सेसनं विचारलं. त्याला ते पक्कं माहीत होतं.

"तियांना साखरेचा त्रास आहे."

"मला पण सकाळपासून जरा चक्कर आल्यासारखं होतंय."

"पण अजून मिस्सा व्हायचीय," मागून कुणाची तरी बायको म्हणाली. "प्रसादाआधी तासभर खायचं नसतं. फादरना विचारा."

फादर मेल्कोर रांगेत शेवटच्या गाडीजवळ उभे होते. ते पुढे आले. त्यांनी राणीकडे पाहिलं, गळणाऱ्या रेडिएटरकडे पाहिलं, ज्यांच्या हातात पाने होते त्या माणसांकडे पाहिलं आणि मग पातेल्याकडे पाहिलं.

"ही मंडळी दुरुस्ती करतायत?" त्यांनी विचारलं.

"हो, फादर."

"मग तासाभराची काळजी नको," फादर म्हणाले. "खुशाल खा. मलाही थोडं."

त्यानंतर एर्लिंडाला मान वर करायला सवड मिळाली नाही. वाट्या संपल्या, मग कॉफीचे मग आले, थर्मासची झाकणं आली, कुणी तरी चक्क हेडलाइटची काच पुसून आणली. लोक कड्याला टेकून, पिकअपच्या पाठीवर पाय सोडून बसले. कुणी दुसऱ्यांदा आलं. वेन्सेस तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "दरवर्षी कुठे लपवून ठेवतेस हे?" एर्लिंडानं त्याच्या मगमध्ये मांसाचा चांगला तुकडा टाकला.

राणीकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. बॉनेट उघडं होतं, वारा लागत होता.

पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा वरच्या वळणावरून ओडिला येताना दिसली. चालत, एप्रनसकट, हातात पळी तशीच.

"घंटा वाजवून वाजवून माझे हात मोडले!" ती लांबूनच ओरडली. "एक माणूस नाही वर! मला वाटलं, दरीत गेलात सगळे!"

मग तिनं पाहिलं. सगळं गाव, सगळ्यांच्या हातात काही ना काही, सगळ्यांच्या मिशांना लाल रस्सा. फादरांच्या हातात थर्मासचं झाकण. चिंचोळीत असं शांत झालं की रेडिएटरचा थेंब पडलेला ऐकू आला.

तिया रुमाल्दांनी आपली वाटी पुसली, भरून घेतली आणि ओडिलापुढे धरली. "घे. गरम आहे अजून."

ओडिलानं उभ्याउभ्या खाल्लं. सगळे बघत होते. वाटी संपली.

"मिरची कुणाकडून आणलीस?" तिनं विचारलं.

"आमच्याच परसातली. उन्हात वाळवलेली."

"हं," ओडिला म्हणाली, आणि वाटीत राहिलेला रस्सा बोटानं पुसून घेतला.

तेवढ्यात राणी गुरगुरली. कुणाला नकळत एलॉय आत जाऊन बसला होता. एकच किल्ली फिरवली आणि ती अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं.

"मी म्हटलं होतं ना, कॉइल!" वेन्सेस म्हणाला.

"मिरपूड," झाकण उघडणारा म्हणाला.

एलॉय "वाफ" म्हणाला, पण ते कुणी ऐकलं नाही. ओडिला तियांशेजारी दाटीवाटीनं बसली आणि राणी पुढे, सगळं गाव मागे, अशी वरात चॅपलपाशी पोचली.

मिस्सा छान झाली. काही जण पेंगले, तेवढंच. मग बाहेर येऊन सगळे झाडाखाली बसले, आणि बसूनच राहिले. ओडिलाचं पातेलं चुलीवर रटरटत होतं. ओडिला पळी घेऊन उभी होती. "या की," ती म्हणाली. "गरम आहे." लोक हसले, पोटावरून हात फिरवला, म्हणाले, "बसू जरा, मग घेऊ." मग कुणी घेतलं नाही.

एर्लिंडा आपलं रिकामं पातेलं पुसत होती. इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. आता तो आला होता आणि तिला त्याच्याकडे बघवेना. पळी धरून असं उभं राहिलं की हात कुठे जड होतात, नजर कुठे ठेवावी कळत नाही, हे सगळं तिला पाठ होतं. ती उठली, वाटी घेतली आणि चुलीपाशी गेली.

"भरून दे."

"तू खाल्लंस ना?"

"वाढताना कुठे खायला मिळतं?" एर्लिंडा म्हणाली. हे खोटं होतं. तिनं मागे वळून हाक मारली, "एलॉय! ये इकडे."

"माझ्या पोटात तिळाएवढी जागा नाही."

"रस्ता कुणी अडवला?"

एलॉयनं दोन वाट्या खाल्ल्या, निमूटपणे, कपाळावरचा घाम पुसत. तरी पातेलं भरल्यासारखंच होतं.

उन्हं कलली तशी माणसं आवरायला लागली. ओडिला पातेल्याचं झाकण बांधून राणीपाशी आली. या गाडीत आयुष्यात बसणार नाही, असं ती गेली कित्येक वर्षं सांगत आली होती, आणि आज सकाळी नाइलाजानं बसली होती.

"जागा आहे?" तिनं विचारलं.

"बस ना," एर्लिंडानं सरकून जागा केली.

उतारावर राणी लोण्यासारखी चालली. ऊन नव्हतं, चढ नव्हता, इंजिनाचा आवाज एकसुरी. एलॉय पुन्हा शीळ घालू लागला. मागे सगळ्या गाड्या ओळीनं येत होत्या. ओडिला पातेलं मांडीवर घेऊन दरीकडे बघत होती. सकाळी पोटभर खाल्लेल्या लोकांना एव्हाना पुन्हा भूक लागायची वेळ झाली होती.

चिंचोळी आली.

"एलॉय, थांबव," एर्लिंडा म्हणाली.

"का? छान चाललीय की."

"बंद पाड."

एलॉयनं आरशातून मागे पाहिलं. राणी आयुष्यात हजार वेळा बंद पडली असेल, पण त्यानं आपणहून कधी पाडली नव्हती. त्यानं हळूच किल्ली फिरवली. राणी थांबली. त्यानं उतरून पुढच्या चाकाला धोंडा लावला आणि बॉनेट उघडलं.

मागे हॉर्न वाजला. मग दारं उघडल्याचे आवाज आले आणि वेन्सेस पँट वर ओढत पुढे आला.

"आता काय झालं?"

"वाफ," एलॉय म्हणाला.

"उतारावर?"

ओडिलाचं लक्ष नव्हतं. ती पातेल्याची गाठ सोडत होती.

"वेन्सेस," एर्लिंडा म्हणाली, "तुझा मग घेऊन ये."