अनसाबाईची ग्रेनाश आणि जाणकार अस्वल

एका जंगलात, जिथे सगळे प्राणी एकमेकांना नावानिशी ओळखत, वाइनचा एकच जाणकार होता. तो जाणकार म्हणजे एक अस्वल. आणि मुलांनो, ते अस्वल म्हणजे मी.

मी जाणकार कसा झालो, ते आधी सांगतो. मी एकदा फ्रान्सच्या जंगलात अकरा दिवस राहून आलो. त्यातले सहा दिवस माझं पोट बिघडलं होतं. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, तिकडची वाइन कशी असते? मी डोळे मिटले आणि म्हणालो की तिची गोष्टच वेगळी. एवढ्यावर माझं नाव झालं. सगळे मला भालचंद्रराव म्हणू लागले. त्याआधी भाल्या म्हणायचे.

जंगलाच्या कडेला एक खडकाळ टेकडी होती. तिथे अनसाबाई साळिंदर राहायची. त्या टेकडीवर गवतसुद्धा नाखुशीने उगवायचं. अनसाबाईने कुठून तरी ऐकलं, की फ्रान्सच्या दक्षिणेला अशाच दगडधोंड्यांत, अशाच उन्हात ग्रेनाश नावाचं द्राक्ष येतं. तिने वेली मिळवल्या. चार उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलं. लोक म्हणाले, सीताफळं लाव. तिने ऐकलं नाही.

चौथ्या वर्षी द्राक्षं धरली. तिकडचे जुने शेतकरी करत तशीच तिने वाइन केली. द्राक्षं पायांनी तुडवली, रस मातीच्या रांजणात ठेवला. पहिली बाटली घेऊन ती माझ्याकडे आली.

त्याला कारण होतं. दोन वर्षांनी सिंह महाराजांकडे फ्रान्सहून पाहुणा यायचा होता. त्याला आपल्या जंगलातली वाइन द्यायची, पण भालचंद्ररावांनी पसंत केलेलीच, असं महाराजांनी ठरवलं होतं. राजवाड्याने वाइन घेतली तर टेकडीवरचा मळा टिकणार होता. नाहीतर वेली उपटायच्या.

मी पेला उजेडात धरला. गोल फिरवला. थोडी वाइन माझ्या पोटावर सांडली. मग नाक आत घातलं आणि एक घोट घेतला.

मुलांनो, खरं सांगू? वाइन फार चांगली होती. पिकलेल्या करवंदासारखी, मागे किंचित मिरी. मला लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटला. 'छान' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण भोवती पाच-सहा प्राणी बसले होते. छान तर खारसुद्धा म्हणाली असती. मग माझ्याकडे कशाला यायचं?

मी सुस्कारा टाकला. "बरी आहे," मी म्हणालो, "पण काहीतरी कमी आहे."

काय कमी आहे, असं अनसाबाईने विचारलं. तेवढा विचार मी केला नव्हता. पेल्याकडे पाहिलं, तर रंग फिका दिसला. म्हणून सांगितलं, रंग कमी आहे. शिवाय लाकडाचा वास नाही. ग्रेनाशचा रंग फिकाच असतो, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

बिचारीने सगळं केलं. काळ्या द्राक्षांचा रस मिसळला. ओकच्या लाकडाचं पिंप आणून वाइन त्यात भरली. पुढच्या वर्षी मी म्हणालो, अजून जरा राहू दे. नावही बदलायला लावलं, 'शातो अनसूया'. शातो म्हणजे महाल, असं मी समजावलं. तिने एकदा आपल्या झोपडीकडे पाहिलं आणि बाटलीवर तसं लिहिलं.

शेवटी ती वाइन शाईसारखी काळी झाली. तिला नव्या कपाटाचा वास येऊ लागला. मग मी ती पसंत केली. कारण सुचवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पाहुणा आला. तो मार्सेल नावाचा रानडुक्कर होता, पिढीजात द्राक्षं पिकवणारा. भर दरबारात त्याने एक घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. कशी आहे, असं महाराजांनी विचारलं. पिंप उत्तम आहे, असं तो अदबीने म्हणाला.

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनसाबाईकडे पाहिलं, जणू चूक तिचीच. या गोष्टीत मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. ती बाटल्या उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मार्सेलला मळा बघायचा होता. वाट दाखवायला मला पाठवलं. आम्ही दुपारी पोचलो, तेव्हा अनसाबाईच्या हातात कुदळ होती. अर्धी ओळ उपटून झाली होती.

मार्सेल खाली बसला. वेलीखालचा एक दगड उचलून त्याने गालाला लावला. या वेली कोणी लावल्या, असं विचारलं. अनसाबाई म्हणाली, जेवायची वेळ आहे, आधी बसा.

बाजरीची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. तांब्यात पहिल्या वर्षीची उरलेली वाइन होती. ही नापास झालेली आहे, असं सांगून तिने त्याला अर्धा पेला दिला.

मार्सेल चावता चावता थांबला. त्याने पेला पुढे केला. मग पुन्हा केला. तिसऱ्या पेल्याला त्याने डोळे पुसले. माझे आजोबा अशीच करायचे, तो म्हणाला, आणि बांधावरच्या सावलीत बसून जेवणाबरोबर प्यायचे. पुढे आमच्याकडे एक जाणकार आला, तेव्हापासून सगळं पिंपात जातं. ही काल का दिली नाही, असं त्याने तिला विचारलं.

अनसाबाई माझ्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"भालचंद्रराव, पहिल्या दिवशी तुम्हाला ही आवडली होती का?"

मुलांनो, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. माझ्या तोंडात भाकरी होती. ती गिळायला मी बराच वेळ घेतला.

"आवडण्याचा प्रश्न नव्हता, बाई," मी म्हणालो. "मी तिला मुरायला वेळ दिला."

अनसाबाईने कुदळ कोपऱ्यात ठेवली. उपटलेल्या वेली तिने त्याच संध्याकाळी पुन्हा लावल्या. निम्म्या जगल्या. मार्सेलने जाताना महाराजांना सगळं सांगितलं आणि एक रांजण सोबत नेला. आता राजवाड्यात तीच फिकी वाइन देतात, 'अनसाबाईची ग्रेनाश' या साध्या नावाने. अनसाबाई सणाला जंगलभर बाटल्या वाटते. मला सोडून.

माझी मात्र वाइन परीक्षण समितीवर तहहयात अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. महाराज म्हणाले, इतक्या चांगल्या वाइनमध्ये दोन वर्षं खोट काढणं साध्या प्राण्याचं काम नव्हे.

तात्पर्य: एखादी गोष्ट आवडली, तर तसं कधीही सांगू नये. 'आवडली' म्हणणाऱ्याला लोक एकदा जेवायला बोलावतात. खोट काढणाऱ्याला जन्मभर.