चार ओळींची मंजुरी

दादा रक्तदाबाची गोळी दिवसातून दोनदा घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितली होती एकदा.

दोष दादांचा नव्हता. फोनमधला गोळीची आठवण करून देणारा प्रोग्राम 'घेतली' हे बटण दाबलं तरी तासाभराने पुन्हा वाजायचा, आणि दादांइतका आज्ञाधारक माणूस त्या घराण्यात दुसरा झाला नाही. प्रोग्राम फुकटचा, सर्वांचा. कोणीही सुधारावा असा. सुधारणा आत घ्यायची की नाही, एवढंच फक्त पाच जणांची समिती ठरवायची. दादांची धाकटी बहीण म्हणजे निवृत्त नर्सबाई. त्या साठीत प्रोग्रामिंग शिकल्या, चार ओळींत तो दोष काढला आणि समितीकडे पाठवला. पुढच्या महिन्यात त्या लेकीकडे जाणार होत्या. दादा एकटे राहणार, या विचाराने त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

समितीने बदल 'प्रायोगिक' कप्प्यात ठेवला. शंभर जणांनी वापरला की तो कायम होणार होता. कप्प्यावर ठळक पाटी होती : 'कृपया वापरू नये.'

नर्सबाईंनी अध्यक्षांना फोन लावला.

"अहो, माणूस रोज दोन गोळ्या घेतोय!"

"मान्य आहे, ताई. पण कुणाला दुसऱ्या घंटेची सवय झाली असेल, तर त्यांच्या भावनांचं काय?"

"आणि चार ओळींवर त्र्याऐंशी हरकती?"

"ओळी चारच आहेत ना. सगळ्यांना वाचता येतात."

त्याच दिवशी घंटेच्या चित्राला सोनेरी कड लावणारा चार हजार ओळींचा बदल समितीने पाच मिनिटांत कायम केला. शेरा होता : 'छान!'

नर्सबाईंनी उभ्या आयुष्यात कडू औषधं मधातून दिली होती. त्यांनी आपल्या चार ओळींभोवती तीन हजार नऊशे शहाण्णव ओळींची टिपणं लिहिली. टिपणं यंत्र वाचत नाही. ती माणसांनी वाचायची असतात. त्यांत दादांच्या तक्रारी होत्या, शेजारणीचे गुडघे होते, समितीचा यथासांग उद्धार होता. मधोमध लिहिलं : 'इथवर वाचणाऱ्याने मला फोन करावा. मी हात जोडून माफी मागेन.' खाली नंबर. वर मथळा : 'सर्वंकष सुधारणा'.

तीन मिनिटांत उत्तर आलं : 'सखोल अभ्यासाअंती मंजूर. छान!'

दादा आता एकच गोळी घेतात. नर्सबाई लेकीकडे निवांत आहेत, पण फोन हाताशी ठेवतात. माफी त्यांना खरंच मागायची आहे.

नियमाप्रमाणे मंजूर बदल प्रत्येक वापरणाऱ्याला जसाच्या तसा दाखवतात. खाली चौकोन असतो : 'मी हे सर्व वाचलं आहे.' दोन लाख लोकांनी त्यावर बरोबरची खूण केली. तुम्हीही केलीत, परवाच, चहा घेता घेता.

फोन अजून एकही आलेला नाही.