चांदीतल्या कैद्याची नोंद

तालुक्याच्या संग्रहालयातल्या रोमन चांदीच्या नाण्यावरच्या कैद्याने वार्षिक पडताळणीच्या सकाळी हात सोडण्यासाठी अर्ज केला. हात मागे बांधलेले असल्यामुळे अर्ज तोंडी होता.

अभिरक्षक वैदेही हिप्परगेकरने तो लिहून घेतला. पाच वर्षं परदेशात जुनी नाणी अभ्यासून ती नुकतीच गावी परतली होती. कुणाचंही दुःख नुसतं काचेआड मांडून ठेवायचं नाही, हे तिने येतानाच ठरवलं होतं. नाण्यावर खांबाला टांगलेली शत्रूची शस्त्रं, शेजारी भाला घेतलेला शिपाई आणि त्याच्या पायाशी हा. एकोणीसशे वर्षं तसंच बसून याचे खांदे भरून आले होते.

पडताळणीला आलेल्या ढवळे भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली.

"इथं लिहिलंय, 'कैदी, हात बांधलेले'. मोकळे सापडले तर वस्तू बदलली असं होतं, मॅडम. नोकरी जाते यात."

"मग नोंद दुरुस्त करू."

"करा की. कारण लिहा."

वैदेहीने लिहिलं, 'युद्ध संपले.'

"हे याला माहीत आहे का?" भाऊसाहेबांनी शिपायाकडे बोट दाखवलं.

"मला कुणी कळवलं नाही," शिपाई म्हणाला. "हुकमाशिवाय गाठ सोडता येत नाही."

"अरे, हुकूम देणारे कधीच गेले!" वैदेही म्हणाली.

"तेही कळवलं नाही."

"मी रोज सांगतो त्याला," कैदी म्हणाला. "तो म्हणतो, कैद्याचं बोलणं धरता येत नाही."

"बरोबर आहे त्याचं," भाऊसाहेब म्हणाले.

वैदेहीने कार्यालयाचा कागद घेतला. 'आपणांस कळविण्यात येते की, युद्ध संपले आहे.' ती सही करणार, तोच भाऊसाहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

"कुठलं ते लिहा. नुसतं 'युद्ध' लिहिलंत तर खोटं ठरेल."

वैदेहीने मजकूर पुन्हा वाचला. मग तिने 'युद्ध'च्या आधी 'आपले' हा शब्द घातला, सही केली, जावक क्रमांक टाकला आणि पत्र नाण्यासमोर धरलं.

शिपायाने ते दोनदा वाचलं. भाला खांबाला टेकवून तो खाली बसला. गाठ घट्ट झाली होती. सुटायला पाऊण तास लागला. कैद्याने हात पुढे आणले आणि ते उलटेपालटे करून पाहत राहिला.

भाऊसाहेबांनी लाल शाईने ओळ खोडली.

"आता 'कैदी'ही चालायचं नाही. नाव सांगा."

नाव लांब होतं. त्यात बापाचं आलं, नदीचं आलं. रकाना संपला. भाऊसाहेबांनी डिंक मागवला, वहीला कागदाची पट्टी जोडली आणि ती वाळेपर्यंत फुंकर घातली.

"हां," ते म्हणाले, "नदीच्या पुढं काय?"